खांबाच्या वर, तुळईच्या खाली

पाय जपून टाका. तुम्ही जमिनीपासून जवळजवळ ७० फुटांवर, दोरांनी आवळलेल्या परांचीवर उभे आहात. काळ इसवी सनापूर्वी १२८० च्या आसपासचा, गाव नाईलकाठचं थीब्ज, आणि हे आमोनचं देऊळ, ज्याला पुढे लोक कर्नाक म्हणतील. खाली बघू नका, समोर बघा. तुमच्या नाकासमोर पपायरसचं एक दगडी फूल उमललंय. एवढं मोठं, की त्याच्या माथ्यावर पंगत बसावी. एक रंगारी पाकळीच्या कडेने हिरवी रेघ ओढतोय. तुम्ही कोण, कुठले, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

तुम्हाला मुद्दामच वर आणलं. पुढेही शक्यतो वरच उतरवीन. खांब खालून सगळेच पाहतात: राजे, भाविक, प्रवासी, आपण. खांबाचं डोकं नाकासमोर धरून पाहणारा एकच, ते घडवणारा. पुस्तकात त्याला स्तंभशीर्ष म्हणतात. त्याचं काम अगदी साधं आहे. तुळई आडवी, खांब उभा, आणि दोघांची गाठ पडते तिथे सगळा भार खांबाच्या अरुंद तोंडावर येतो. म्हणून मध्ये एक रुंद दगड द्यायचा, तो भार अंगावर घेतो आणि खांबात उतरवतो. एवढ्याला चौकोनी ठोकळाही पुरला असता. पण नुसता ठोकळा ठेवून समाधानी झालेला देश शोधायला निघालात तर फार हिंडावं लागेल.

आता रंगाऱ्याच्या खांद्यावरून फुलाच्या मधोमध डोकवा. तिथे एक लहानसा चौकोनी दगड आहे, फुलापेक्षा कितीतरी अरुंद. छताचा सगळा भार त्या दगडावर टेकलाय. पाकळ्यांच्या रुंद कडेवर काही म्हणजे काही नाही. खाली उभ्या असलेल्या पुजाऱ्याला हा दगड दिसत नाही, कारण पाकळीची कड आड येते. त्याला दिसतं ते एवढंच, की हजारो मणांचं छत फुलांवर अलगद टेकलंय. ही हातचलाखी आहे, आणि ती करणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं माहीत होतं.

मधल्या दोन रांगांत असे १२ खांब. दोन्ही बाजूंना आणखी १२२, जरा बुटके, आणि त्यांच्या डोक्यावर मिटलेल्या कळ्या. मधल्या रांगांच्या वर, छतालगत, दगडी जाळ्या आहेत. ऊन येतं ते तिथूनच. जिथे ऊन तिथे फूल उमललंय, जिथे काळोख तिथे कळीच राहिलीय. सेती नावाच्या राजाने हा मंडप उभा केला, त्याच्या मुलाने, दुसऱ्या रामसेसने, त्याचं कोरीव काम पुरं केलं. भिंतींवर दोघांची नावं ठायी ठायी आहेत. रंगाऱ्याचं कुठे नाही. चला.

इराणात उतरताना तुम्हाला बसायला जागा मिळेल. दोन बैलांच्या मध्ये. पाठीला पाठ जोडून, पुढचे पाय मुडपून बसलेले हे काळसर दगडाचे बैल, आणि त्यांच्या दोन मानांच्या मधल्या खळग्यात तुम्ही. इसवी सनापूर्वी ५०० च्या आगेमागे सम्राट दारयवहूने पार्सा इथे दरबाराची इमारत उभारायला घेतली. ग्रीक लोक त्या गावाला पर्सेपोलिस म्हणतील. आतल्या दालनात ३६ खांब, तीन बाजूंच्या ओसऱ्यांत प्रत्येकी १२, म्हणजे ७२. उंची सुमारे २० मीटर. दारयवहूच्या हयातीत काम संपणार नाही. त्याचा मुलगा क्षयार्ष ते पुरं करील.

एक कारागीर बैलाच्या कपाळाशी केलेल्या खोबणीत वेगळा घडवलेला कान बसवून बघतोय. शिंगंही अशीच वेगळी बसवायची. तेवढ्यात खालून ओरडा होतो. उठा, कारण तुम्ही बसलाय ती जागा तुळईची आहे. देवदाराचा जाडजूड सोट दोरखंडांवरून वर येतो आणि दोन मानांच्या मध्ये नेमका बसतो. नुसतं नक्षीकाम म्हणून कोणी बैल वर चढवलेला नाही, तो खरोखर तुळई पाठीवर घेतो. भार आणि आकार यांचा इतका चोख मेळ मला दुसऱ्या कुठल्याही स्तंभशीर्षात दिसलेला नाही.

तरी इथे फार रमू नका. हा बैल पाहिला की पुढचा पाहायची गरज उरत नाही. एकाही बैलाला स्वभाव नाही. साम्राज्याला तेच हवं होतं. गावोगावचे लोक आणायचे, आणि कोणाचाही हात ओळखू येऊ नये असं एकसारखं काम करून घ्यायचं. इथल्या मातीच्या पाट्यांवर कामकऱ्यांच्या शिध्याचे हिशेब आहेत. त्यांत बायकाही आहेत, आणि बाळंतिणींना जादा शिधा दिल्याची नोंद आहे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. गरुडाच्या चोचीचं एक जोडशीर्ष मात्र विसाव्या शतकात इथल्या जमिनीत पुरलेलं सापडेल. ते वर चढलंच नाही असं दिसतं. का चढलं नाही, याचा तर्क ज्याने त्याने करावा. माझा तर्क असा, की कोणीतरी नमुन्याबाहेर गेला होता.

वाट जरा वाकडी केली तर ग्रीस लागतं. कॉरिंथला उतरायचा आग्रह धराल, कारण ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एक तरुण मुलगी वारली, तिच्या दाईने तिच्या आवडीची भांडी टोपलीत भरून थडग्यावर ठेवली, वर एक कौल झाकलं. खाली अकँथस नावाच्या काटेरी झुडपाचं मूळ होतं. वसंतात पानं फुटली, टोपलीभोवती चढली, कौलाशी अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाचा शिल्पी तिथून जात होता, त्याने ते पाहिलं आणि खांबाचं नवं डोकं जन्माला आलं. ही गोष्ट सांगतो रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस, घटनेनंतर चारशे वर्षांनी. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की मला तिचा संशय येतो. पण एक खरं. ती पानं पुढे सगळ्या युरोपने शेकडो वर्षं गिरवली, बहुतेकांनी ते झुडूप उभ्या जन्मात न पाहता. आपण थांबणार नाही.

आता घाट चढायचा आहे. बोरघाट, इसवी सनाचं पहिलं शतक. कल्याण, सोपाऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून देशावर चाललाय आणि तुम्ही वलुरकच्या डोंगरात, आपल्या कार्ल्याला. इथे परांची शोधू नका. पायाखाली अखंड कातळ आहे. हात वर केलात तर नुकतं तासलेलं अर्धवर्तुळाकार छत लागेल. खांब कुठेच दिसत नाहीत, कारण ते अजून झालेले नाहीत. कोरीव लेणं वरून खाली उतरतं. आधी छत, मग खांबाचं डोकं, मग खाली सरकत सरकत खांब, सगळ्यात शेवटी तुमच्या-आमच्या पायांची फरशी. तुम्ही उभे आहात तो कातळ हळूहळू फोडून, टोपल्यांतून बाहेर नेला जाईल. आज इथे जे डोकं घडतंय त्याला धड मिळायला अजून बराच अवकाश आहे.

पाथरवट उकिडवा बसलाय. टाकीचे बारीक घाव घालत तो हत्तीचा कान पातळ करतोय. दोन हत्ती गुडघे टेकून, तोंडं बाहेर करून. प्रत्येकावर दोघं जण स्वार, बहुतेक ठिकाणी एक बाई, एक बाप्या. गळ्यात, कानांत, मनगटांत भरघोस दागिने. बाईचा हात त्याच्या खांद्यावर, कुठे त्याचा तिच्या. दोघंही मजेत दिसतात. भिक्षूंच्या प्रार्थनेच्या जागी, स्तूपाच्या समोर, हे असं.

त्याला विचारा, ही माणसं कोण?

"दान देणाऱ्यांना वाटतं तेच आहेत," तो मान वर न करता म्हणतो. "वाटू दे."

आणि खरं?

"यातली एक माझी घरधनीण आहे. कुठली, ते तिलाही सांगितलेलं नाही."

हे संभाषण मी रचलं, हे कबूल. पण एकदा नीट बघा आणि मग सांगा, की ही माणसं ओळखीशिवाय कोरलेली वाटतात का. दोन्ही बाजूंना १५-१५ नक्षीदार खांब, आणि एका जोडप्याची बसायची ढब दुसऱ्यासारखी नाही. कोणी सरळ समोर पाहतं, कोणी जोडीदाराकडे झुकलंय. केसांची बांधणी वेगळी. खांबाच्या मागे, प्रदक्षिणेच्या अंधाऱ्या वाटेकडे तोंड करून आणखी जनावरं आहेत, बहुतेक घोडे. त्यांच्यावर तेवढी मेहनत नाही. घोडेच पाहायचे असतील तर इथून जवळ बेडशाला जा. ते लेणं याहून जुनं आहे, आणि तिथल्या ओसरीच्या दोन थोरल्या खांबांवर घोडे, बैल, हत्ती असे बसलेत की आता उठतील. मला विचाराल तर जनावरांत बेडसे वरचढ, माणसांत कार्ले.

शीर्षाची रचना खालून वर अशी. खांब अष्टकोनी, त्यावर उलटं कमळ, कोणी त्याला घंटाही म्हणतात. त्यावर पेटीत बसवलेला आवळ्यासारखा आमलक, मग पायऱ्या पायऱ्यांनी रुंद होत गेलेल्या पाट्या, आणि सगळ्यात वर हत्ती. पायथ्याशी दगडी घट. लाकडी खांबाला वाळवी लागू नये म्हणून तो मडक्यात रोवायची जुनी पद्धत होती, तिची ही आठवण, असं सांगतात. दगडाला कुठली वाळवी! पण हात लाकडाचे होते, ते सवय सोडेनात. छतालाही दगडात गरज नसताना सागवानी फासळ्या बसवल्यात. आणि खरी गंमत पुढेच आहे. पर्सेपोलिसचा बैल तुळई उचलत होता. इथले हत्ती काहीही उचलत नाहीत. छत, हत्ती, खांब, फरशी, सगळा एकच कातळ. उद्या खांब मधून तुटला तरी वरचा तुकडा छताला लटकून राहील, डोंगराला ढिम्म फरक पडणार नाही. सह्याद्रीतल्या काही लेण्यांत असे लोंबते तुकडे तुम्ही पाहिलेही असतील. म्हणजे भाराचं निमित्तसुद्धा उरलं नाही, तरी शीर्ष कोरायचंच.

पैसे कोणी दिले ते खांबांवर लिहिलंय. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, एक नव्हे, अनेक. सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेल्या खांबात अवशेष ठेवायला खोबण आहे. धेनुकाकटचाच सिंहदत्त, गंधी म्हणजे अत्तरवाला, त्याने दार दिलं. वैजयंती गावच्या भूतपाल श्रेष्ठींनी तर लिहवून ठेवलं, की जंबुद्वीपात याच्या तोडीचं शैलगृह नाही. शेठजींचा आवाज आजही ऐकू येतो. दाराचं काम करणाऱ्या सामी सुताराचंही नाव आहे, वेणुवासाचा मुलगा अशा ओळखीसह. हत्तींवरची माणसं कोरणाऱ्याचं मात्र नाही.

इथून पुढे थोडं भराभर. ५३७ साली कॉन्स्टँटिनोपलला आया सोफिया चर्चच्या गॅलरीत डोकावून घ्या. मार्मारा बेटाच्या संगमरवरावर तीच जुनी अकँथसची पानं आहेत, पण गिरमिटाने मागून इतकी पोखरलीत की दगड बाहेरून लेससारखा झालाय आणि भार आतल्या गाभ्यातून चाललाय. मधोमध सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची अक्षरं गुंफलेली. देखणं आहे, पण थंड. त्यापेक्षा आपल्याकडची शिलाहार-यादवांच्या काळातली देवळं मला जवळची वाटतात. तिथे तुळईखाली कीचक असतात. पोट सुटलेले, गुडघे फाकवलेले, हात वर करून सगळं छत अंगावर घेतल्याचा आव आणणारे. त्यांत एखादा खरंच दमलेला असतो, एखादा कामचुकार. सभामंडपात देवाकडे जाताना लोक त्यांच्या खालून जातात, आणि बरेचदा पोरंच तेवढी वर बघून हसतात.

फ्रान्समधलं ओतं, ११२५ च्या सुमाराचं. इथे मात्र तुम्हाला खाली, पाथरवटांच्या छपराखालीच उतरवतो, दगड अजून वर चढलेला नाही. संत लाझारसचं चर्च बांधणं चालू आहे. समोरच्या दगडाचा आकार बघा. वर रुंद, खाली निमुळता. यात शिल्प्याला बायबलमधला एक प्रसंग बसवायचा आहे. बाळ येशूचं दर्शन घेऊन निघालेले पूर्वेकडचे तीन राजे रात्री झोपलेत आणि देवदूत स्वप्नात येऊन सांगतो, की हेरोद राजाकडे परत जाऊ नका, वेगळ्या वाटेने घरी जा. तीन माणसं, एक देवदूत, एक तारा, आणि जागा एवढीशी.

त्याने काय केलं? तिघांना एकाच बिछान्यात घातलं. एकाच पांघरुणाखाली, डोक्यावर मुकुट तसेच ठेवून. बिछाना वरून पाहिल्यासारखा, चेहरे समोरून पाहिल्यासारखे, म्हणजे दोन्ही नियम मोडले आणि अडचण सुटली. पांघरुणाच्या चुण्या वर्तुळात फिरवल्या, म्हणून दगड मऊ दिसतो. देवदूत वाकलाय. त्याचा एक हात ताऱ्याकडे. दुसऱ्या हाताच्या एका बोटाने तो वरच्या राजाच्या उघड्या हाताला स्पर्श करतो, जेमतेम. त्या राजाचे डोळे उघडलेत. बाकीचे दोघं गाढ. आई शाळेच्या दिवशी उठवते तसं हलवून नाही, नुसतं बोट. मी या एका शिल्पासाठी सगळे अकँथस सोडून देईन.

चर्चच्या पश्चिम दारावर लॅटिनमध्ये कोरलेलं आहे, हे गिसलेबर्टसने केलं. गिसलेबर्टस म्हणजे शिल्पी की पैसे देणारा, यावर विद्वान अजून भांडतात. इतक्या प्रवासात शीर्ष कोरणाऱ्याचं एक नाव हाती लागलं, तर तेही पूर्ण हाती लागत नाही.

आणि बरोबर याच सुमाराला क्लेरव्होचा मठाधिपती बर्नार कडक पत्र लिहून बसलाय. मठांच्या ओवऱ्यांत, वाचणाऱ्या भिक्षूंच्या डोळ्यांसमोर, हे विचित्र प्राणी कशाला? घाणेरडी माकडं, सिंह, अर्धा माणूस अर्धा घोडा, एका डोक्याला अनेक धडं, एका धडाला अनेक डोकी. भिक्षू पुस्तक सोडून दगडच वाचत बसतात! मूर्खपणाची लाज नसेल तर निदान खर्चाची तरी बाळगा, असा त्याचा सूर. तक्रार रास्त असेल. पण यादी बघा त्याची. एकेक जनावर त्याने इतकं नीट टिपलंय, की शंका येते, सगळ्यात जास्त वेळ मान वर करून उभा कोण राहिला होता?

ओतंची ही शीर्षं एकोणिसाव्या शतकात खाली येतील. वरच्या मनोऱ्याचा भार खांबांना झेपेना, डागडुजी करावी लागली, तेव्हा मूळ दगड काढून प्रती बसवल्या. मूळ आता तिथल्याच एका दालनात डोळ्यांच्या उंचीवर आहेत. राजाच्या उघड्या डोळ्यात बघायला परांची लागत नाही.

अमेरिकेत फार थांबायचं कारण नाही, पण जायला हवं. १८०९, वॉशिंग्टन, कॅपिटॉल या संसदभवनातली, सिनेटच्या बाजूची एक लहान ओसरी. वास्तुकार बेंजामिन लॅट्रोबला ग्रीक-रोमन पानांचा कंटाळा आलाय. नव्या देशाचं झाड नवं हवं. त्याने खांबाचं अंग मक्याच्या धाटांच्या जुडीसारखं केलंय आणि डोक्यावर साल सुटलेली, दाणे दाखवणारी कणसं. कोरणारा ज्युसेप्पे फ्रान्झोनी इटलीतून आणलेला. लॅट्रोबने नुकत्याच निवृत्त झालेल्या अध्यक्ष जेफरसनला कळवलं, की मोठमोठ्या कामांना मिळाली नाही एवढी वाहवा प्रतिनिधींनी या कणसांना दिली. शीर्षाचा एक नमुनाही त्याने पाठवला. जेफरसनने माँटिचेलोच्या आपल्या घरी त्यावर सूर्यघड्याळ बसवलं. पुढे लॅट्रोबने तंबाखूच्या पानाफुलांचीही शीर्षं केली. १८१४ मध्ये इंग्रजांनी इमारत जाळली, कणसं वाचली. एक गोष्ट त्या वाहवेत कुठे नव्हती. ज्या खाणीतून हा वालुकाश्म आला तिथे गुलाम राबत होते, आणि तंबाखूच्या शेतांतही तेच.

ऑक्सफर्ड, १८५९ मधली सकाळ. परत परांची, या वेळी काचेच्या छताखाली. विद्यापीठाचं विज्ञान संग्रहालय बांधलं जातंय. खांब एकापेक्षा एक वेगळे, आणि ते मुद्दाम. अ‍ॅबर्डीनचा ग्रॅनाइट, कॉर्नवॉलचा सर्पेंटाइन, ब्रिटनमधल्या निरनिराळ्या खडकांचे शंभरावर खांब, भूगर्भशास्त्राचे जॉन फिलिप्स यांनी निवडलेले. खांबांनी खडक शिकवायचे, शीर्षांनी वनस्पती. शीर्षांचे दगड ओबडधोबड ठोकळे म्हणूनच वर चढवलेत, कोरायचं जागेवर.

जिन्यावरून ओली पानं घेऊन दोघं वर येतात. जेम्स आणि जॉन ओशे, आयर्लंडमधून आलेले भाऊ. वनस्पती उद्यानातून आणलेलं नेचं, लिलीचं पान ठोकळ्याच्या शेजारी ठेवायचं, बघायचं आणि कोरायचं. कागदावर नमुना नाही, मापाची पट्टी नाही. पानाची कड आज सकाळी जशी दुमडलीय तशी दगडात दुमडणार. कलासमीक्षक जॉन रस्किन लिहून गेलाच होता, की ज्या इमारतीत कारागिराला स्वतःचं डोकं चालवू दिलेलं नाही ती इमारत मेलेली. वास्तुकार बेंजामिन वुडवर्डने ते मनावर घेतलं. विद्यापीठाच्या पैसेवाल्यांनी मात्र घेतलं नव्हतं.

पुढचं भांडण संग्रहालयाचे कैवारी डॉ. हेन्री अ‍ॅकलंड यांनी सांगितलेलं आहे, आयरिश मीठमसाल्यासह. जेम्स वरच्या खिडकीवर माकडं कोरत होता. विद्यापीठाचे एक वरिष्ठ आले: काय चाललंय? माकडं, साहेब. उतर खाली, विद्यापीठाच्या मालमत्तेची नासाडी चाललीय! दुसऱ्या दिवशी जेम्स पुन्हा शिडीवर. आज काय? मांजरं, साहेब. शेवटी त्याला काढून टाकलं, तर तो दारातल्या कमानीवर पोपट आणि घुबडं कोरताना सापडला. ती विद्यापीठाच्या सभासदांची चित्रं होती. अ‍ॅकलंडनी त्याला त्यांची डोकी फोडायला लावली. पैसे संपले, कोरीव काम अर्ध्यावर राहिलं, आणि राहिलेल्या ठोकळ्यांना पानं फुटायला विसावं शतक उजाडलं. ती पानं तुम्हाला ओळखू येतील. बरोबर आहेत, पण ओली नाहीत. माकडांवरून रागावलेल्या याच इमारतीत ३० जून १८६० ला शास्त्रज्ञ हक्स्ले आणि बिशप विल्बरफोर्स यांच्यात माकडावरूनच, म्हणजे माणसाचा पूर्वज माकड की काय यावरून, तो गाजलेला वाद झाला.

रस्किनच्या विचारांची ही हवा बोटीने मुंबईला आली. कोटाचे तट पाडले जात होते, मोकळ्या जागेवर गॉथिक इमारती उठत होत्या, आणि त्यांच्यावर पानंफुलं कोरायला हात हवे होते. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग जे. जे. कला शाळेत वास्तुशिल्प शिकवायला आला. इथे त्याचे विद्यार्थी, मजूर, पाथरवट मराठी, गुजराती, तेलुगू बोलत. पोरबंदरचा पिवळसर दगड मऊ, त्यात बारीक काम खुलतं. कुर्ल्याचा दगड राकट.

हायकोर्टाच्या खांबांवर चढा. १८७८, काम संपत आलंय. कोपऱ्यातल्या एका शीर्षावर माकड बसलंय, हातात न्यायाचा तराजू, एक डोळा झाकलेला. दुसरीकडे वकिलाच्या गळपट्ट्यातला कोल्हा. सांगतात असं, की एका पोटकंत्राटदाराला मुख्य कंत्राटदाराने बुडवलं, तो कोर्टात गेला, हरला, आणि जाता जाता दगडावर निकाल लिहून गेला. गोष्ट छान आहे. अशा गोष्टी युरोपातल्या जुन्या चर्चांबद्दलही सांगतात. कोणीतरी पैसे बुडवले, कोणीतरी सूड घेतला. कारागीर काही कारण नसताना, नुसती लहर लागली म्हणून हसेल, हे आपल्याला पटत नाही, म्हणून आपण त्याला एक खटला चिकटवतो. मला तरी तो माकडवाला हरलेला वाटत नाही.

आता शेवटचं, बोरीबंदर, १८८०-९० चं दशक. वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८७८ ला सुरू झालेलं हे स्टेशन पुरं व्हायला दहा वर्षं लागतील. राणीच्या नावाने उघडेल, पुढे शिवाजी महाराजांचं नाव घेईल. कोरीव काम जे. जे. चे विद्यार्थी करतायत. किपलिंग लाहोरला गेला, आता शाळेत जॉन ग्रिफिथ्स आहेत. तुम्ही तिकीटघराच्या उंच दालनात परांचीवर. खाली कोणीतरी मापं ओरडतोय, धूळ घशात जाते. एक मुलगा, अठराएक वर्षांचा, कानाला रुमाल बांधून, शीर्षाच्या पानांत हात घालून बसलाय. शेजारी कागद आहे, त्यावर साहेबाने काढून दिलेली पानं. दगडावर पानं आहेतच, आणि त्यांच्या मधून एक शेपूट वर आलंय.

"कागदावर काय आहे?" तुम्ही विचारता.

"पानं."

"आणि ही खार?"

"अहो, झाड काढलं की ती येतेच. मी काय करू?"